दोन डिस्कांवरचं लग्न

"काका, जुनीतून आवाज येतोय," मी म्हटलं.

"कसला?"

"ऐका ना. टक् करते, मग गप्प बसते. मग परत टक्."

कोठावळेकाका टेबलावर ओणवे झाले. कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण मी काढून ठेवलं होतं आणि आत दोन हार्डडिस्क एकीखाली एक बसवल्या होत्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कान जवळ नेला. बाहेर स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षांचा गोंगाट चालला होता.

"मला तर पंख्याचाच आवाज येतोय," ते म्हणाले. "चालतीय ना? मग चालू दे."

२००७ सालचा एप्रिल होता. बार्शीत कोठावळेकाकांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथं मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करायचे. पंचवीस वर्षांची होते. बाई माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरते याचं गावाला नवल होतं, पण नवरीच्या खोलीत बिनधास्त जाता येतं म्हणून मुलींकडची मंडळी मुद्दाम मलाच मागायची.

त्या वर्षी लग्नं फार होती. एकावर एक दोन-तीन चित्रं चढवायची, फुलं उधळायची, नावं फिरवायची, की आमचा कॉम्प्युटर अडखळायचा. एकटी डिस्क एवढं भराभर देऊ शकत नव्हती. दोन डिस्क जोडून एक केली की वेग जवळपास दुप्पट होतो, हे मी कॅफेत बसून इंटरनेटवर वाचलं होतं. नवी मोठी डिस्क आमच्याकडं होती. तिच्या जोडीची दुसरी सोलापूरहून यायला आठवडा लागणार होता आणि अक्षय्यतृतीया तीन दिवसांवर होती. म्हणून मी कपाटातली जुनी, निम्म्या मापाची डिस्क काढली आणि नवीच्या शेजारी जुंपली.

काकांनी विचारलं, "हे चालतं कसं?"

"समजा, एक वाक्य आहे. त्यातला पहिला शब्द हिच्यावर लिहायचा, दुसरा तिच्यावर, तिसरा परत हिच्यावर. दोघी एकाच वेळी लिहितात, म्हणून लवकर होतं. फक्त लहानीला झेपेल तेवढंच मोठीलाही घ्यावं लागतं. मोठीची उरलेली जागा वाया."

"आणि एक बंद पडली तर?"

"तर दुसरीवर अर्धे शब्द उरतात."

काका हसले. "लग्न एकदा डीव्हीडीत घालून दिलं की आपला संबंध संपला. कोण मागायला येतंय?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. तोवर कुणी मागायला आलं नव्हतं. टेपासुद्धा आम्ही पुन्हा वापरायचो. एका लग्नाची टेप कॉम्प्युटरवर उतरवली की तीच पुढच्या लग्नाला.

मी झाकण लावलं. आवाज मला आला होता.

नाईकनवरे सरांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको लवकर गेलेली, अनुजा एकुलती एक. रंगाच्या पेट्या घेऊन ती बापामागं शाळेत यायची, ते मला आठवत होतं. मुलगा सोलापूरचा, दातांचा डॉक्टर. सरांनी स्टुडिओत येऊन सांगितलं होतं, "गुरव, तूच ये शूटिंगला. दुसऱ्या कुणाला पाठवू नको." शाळेपासून ते मला आडनावानंच हाक मारायचे.

मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा होता. पावणेबाराला मी कार्यालयाच्या आतल्या बोळात उभी होते. नवरदेव मांडवाकडं निघाला की पुढून चालत त्याला घ्यायचा, असं ठरवलेलं. नवरदेव निघालाच नाही. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तो फेटा बांधून बसला होता आणि त्याचे थोरले काका दारात उभे होते. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांच्यासमोर सर.

"मास्तर, आम्ही काय घर मागतोय का शेत मागतोय?" आबासाहेब हळू आवाजात बोलत होते. शेवटपर्यंत त्यांनी आवाज चढवला नाही. "दवाखाना तुमच्याच जावयाचा. त्यात पेशंटला बसवायची खुर्ची नको? चांगली, बाहेरून मागवलेली. पोरगी तुमचीच सुखात राहणार."

"आबासाहेब, बोलणी झाली तेव्हा हे नव्हतं."

"तेव्हा दवाखान्याची जागा ठरली नव्हती."

"माझी ऐपत नाही हो. मी रिटायर माणूस. आता या घटकेला..."

"मग घटका जाऊ द्या. आम्हाला कुठं घाई आहे? बाहेर चारशे माणसं बसलीत, त्यांना तुम्ही सांगा काय ते."

माझा कॅमेरा चालू होता. लाल दिवा लागलेला सगळ्यांना दिसत होता. पण कॅमेरा हातात असला की मागचं माणूस लोकांना दिसत नाही. आबासाहेबांनी एकदा सरळ माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सरांकडं वळले. सर नवरदेवासमोर गेले. "डॉक्टर, तुम्ही तरी बोला." तो मुलगा खाली मान घालून फेट्याचा शेमला बोटाभोवती गुंडाळत राहिला. हे चाळीस मिनिटं चाललं. शेवटी सरांनी दोन्ही हात जोडले. "होय. देतो. दिवाळीपर्यंत देतो. चला आता."

लग्न लागलं.

एडिटिंगला बसले तेव्हा ती चाळीस मिनिटं मी काढून टाकली. कुठल्या लग्नाच्या सिनेमात भांडण ठेवतात? पण काढल्यावर मधे फट पडली. एकदम मंगलाष्टकंच सुरू होत होती. म्हणून सरांचा सकाळचा, चहाच्या वेळचा एक हसरा चेहरा होता तो मी तिथं लावला आणि खाली सनई सोडली. जोड इतका बेमालूम बसला की काकांनी शाबासकी दिली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि टक्, टक्, टक्, टक्. मधलं ते गप्प बसणं संपलं होतं. पडद्यावर डिस्क सापडत नाही म्हणून आलं. मी बंद केलं, चालू केलं, वायरी काढून परत घातल्या. दुपारपर्यंत जुनी डिस्क फिरायचीही थांबली. नवी ठणठणीत होती आणि काही कामाची नव्हती.

"दिलेली लग्नं दिली. राहिलेली दोन टेपवर आहेत ना? मग रडतीस कशाला?" काका म्हणाले.

मी दोन्ही डिस्का वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात तळाशी ठेवल्या. नवी पुसून वापरू या, असं काका दोनदा म्हणाले. मी विसरल्यासारखं केलं. का ते मला सांगता आलं नसतं.

जानेवारीत सर दुकानात आले. डोकं भादरलेलं होतं. मला आधी ओळखूच आले नाहीत.

"गुरव," ते म्हणाले, "अनुजा गेली, कळलं असेल."

कळलं होतं. गावात सगळ्यांना कळलं होतं. डिसेंबरात, सोलापूरला. वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तोल जाऊन पडली, असं सासरचे सांगत होते. तिसरा मजला.

"खुर्ची दिली नव्हती मी," सर म्हणाले. "दिवाळीला जमलं नाही. संक्रांतीपर्यंत थांबा म्हटलं होतं." मग बराच वेळ ते काचेखालच्या पासपोर्ट फोटोंकडं बघत राहिले. "पोलीस म्हणतात, मागणी केली याला पुरावा काय? सासरच्यांनी त्यांना तुझी ती डीव्हीडी दाखवली. मीही घरी पाहिली. किती वेळा पाहिली, मोजली नाही. त्यात मी हसतोय, गुरव. मुहूर्ताच्या आधी मी हसतोय."

मी काउंटरवरचे फोटो एकावर एक रचू लागले.

"ते सकाळचं आहे ना? माझ्या हातात चहाची बशी आहे. तू पाहिलं होतंस सगळं. तुझा कॅमेरा चालू होता. मला तेवढं काढून दे. मूळ जे आहे ते."

मी कपाटातून वर्तमानपत्राची पुडी काढून काउंटरवर ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. एक शब्द हिच्यावर, एक तिच्यावर. टेपवर आता कुठल्याशा बारशाचं शूटिंग आहे. जुनी डिस्क आवाज करत होती तेवढं मात्र सांगितलं नाही.

सरांनी पुडीवर हात ठेवला. "म्हणजे अर्धी आहे?"

"अर्धी म्हणजे... हो. अर्धी आहे."

"मग अर्धी तरी बघू."

पुण्याला अशा मेलेल्या डिस्का उघडून देणारा एक माणूस होता, शेंडे नावाचा. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं गेलो. सर सगळी वाट पुडी मांडीवर धरून बसले होते. शेंड्यांनी जुनी डिस्क उघडली आणि लगेच आम्हाला बोलावून दाखवली. आतली चकती आरशासारखी असते. हिच्यावर गोल ओरखडा होता, सुईनं नक्षी काढावी तसा.

"हे काही होणार नाही," ते म्हणाले. "ही बरेच दिवस आजारी असणार. आवाज येत नव्हता?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"दुसरीवर जे आहे ते लावून बघतो. पण अर्ध्यातलं अर्धं. अपेक्षा ठेवू नका."

दीड-दोन तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मग त्यांनी आत बोलावलं. पडद्यावर राखाडी रंग होता आणि त्यात चौकोनी ठिगळं. कुठं मुंडावळीचा मोती, कुठं हिरव्या बांगड्या, कुठं भिंतीचा पोपटी रंग. प्रत्येक क्षणाला ठिगळं जागा बदलत होती. आणि मग त्या ठिगळांत मला एकदम अनुजा दिसली. एक डोळा, कपाळाची अर्धी चंद्रकोर, ओठांचा एक कोपरा. उरलेला चेहरा राखाडी. डोळा सरळ आमच्याकडं बघत होता आणि ओठांचा कोपरा हलत होता.

"थांबवा," सर म्हणाले.

शेंड्यांनी चित्र थांबवलं.

"आवाज आहे?"

"आवाज असा नाही हो. तुकडे आहेत." त्यांनी हेडफोन दिला.

सरांनी तो कानाला लावला. आम्हाला बाहेर नुसती खरखर ऐकू येत होती, पत्र्यावर वाळू पडावी तशी. सर डोळे मिटून ऐकत होते. एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्यांदा त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"तिचाच आहे. काय म्हणतीये, कळतंय का बघ. तू होतीस ना समोर?"

मी ऐकलं. शब्द नव्हतेच. शब्दांच्या मधल्या जागाही तुटलेल्या. पण मला ते सबंध ऐकू आलं, कारण मी तिथं होते.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं. "मेंदी दाखवत असेल."

परतीच्या गाडीत टेंभुर्णीला ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "डिस्क नाही तर नाही. तू आहेस. आबासाहेब काय बोलला, मी काय बोललो, सगळं तुला आठवतं?"

"आठवतं."

"सांगशील?"

"सांगेन, सर."

आणि मी सांगितलंही. पोलीस दुकानात आले तेव्हा खुर्चीसकट सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. काकांना ते आवडलं नाही. "आपण दुकानदार माणसं," एवढंच ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी तुटक वागले.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. मधे एकदा आबासाहेब स्टुडिओत आले. मला वाटलं, आता धमकावणार. मी आत पडद्यामागं गेले. ते काकांना म्हणाले, "लग्नाच्या डीव्हीडीच्या आणखी दोन कॉप्या पाहिजेत. फार सुंदर केलीय हो तुमच्या पोरीनं. आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालीय." काकांनी मला हाक मारली. मी कॉप्या करून दिल्या. आबासाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लग्न ठरलंय म्हणं तुझं? छान झालं."

खरंच ठरलं होतं. पुण्यातल्या हडपसरचं स्थळ, मुलगा कंपनीत. आईनं चौदा ठिकाणी दाखवून झाल्यावर जमलेलं. आबासाहेबांना ते कसं कळलं, हा विचार मी करत राहिले. आई म्हणाली, "हेमा, साक्षीदार म्हणून पेपरात नाव आलं तर त्या लोकांना काय सांगायचं?" होणाऱ्या सासऱ्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "ते कोर्टाचं काही आहे म्हणे तुमचं?" आई घाईघाईनं म्हणाली होती, "छे छे, ते नुसतं नावाला."

फेब्रुवारीत मला सोलापूरच्या कोर्टात बोलावलं. सर पाठीमागच्या बाकावर बसले होते. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, शाळेत असायचे तसे. सरकारी वकील बाई होत्या. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, घाबरू नका, पाहिलं तेवढं सांगा.

पण आधी डीव्हीडी लावली. बचावाच्या वकिलांनीच तशी विनंती केली होती. सनई वाजली. कोर्टात सगळे गप्प बसून ते लग्न बघत होते. अनुजा हसली, सर हसले, अक्षता पडल्या. मी केलेली फुलं वरून पडत होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, "मुहूर्ताला उशीर का झाला?"

मी तोंड उघडलं. सरांकडं पाहिलं नाही. आबासाहेबांकडंही नाही. समोर टाइप करणारा माणूस होता, त्याच्या बोटांकडं बघत होते. ती थांबली होती, माझी वाट बघत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही बोळात शूटिंग करत होता. तिथं काय घडलं?"

"गर्दी होती. मला काही ऐकू आलं नाही."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही सांगितलंय की..."

"त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. मी न वाचता सही केली."

वकीलबाई न्यायाधीशांकडं वळल्या आणि साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. फितूर हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. मग बचावाचे वकील उठले. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"ही फिल्म तुम्ही बनवली?"

"हो."

"यातून महत्त्वाचं काही गाळलं आहे का?"

"नाही."

टाइपरायटर वाजला.

बाहेर आले तर सर पायऱ्यांवर उभे होते. मला टाळून जाता आलं नाही. मला वाटलं, बोलतील, शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, "घरी जायला गाडी आहे ना, गुरव?"

एप्रिलमध्ये संशयाचा फायदा देऊन सगळे सुटले. मे महिन्यात माझं लग्न झालं. लग्नात व्हिडिओ नको, असं मी सासरी सांगितलं तेव्हा त्यांना ती काटकसर वाटली आणि कौतुक झालं. अंतरपाटाच्या अलीकडं मी उभी होते, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं ठिगळं सरकत होती. एक डोळा, ओठांचा एक कोपरा. तेव्हापासून ते गेलं नाही. भाजी चिरताना येतं. मुलाला शाळेत सोडून परत येताना येतं. कधी तो डोळा असतो, कधी नुसती खरखर, आणि त्या खरखरीचा अर्थ जगात माझ्या एकटीला कळतो.

अशी चार वर्षं काढल्यावर मला सहन होईना. आईला बघायला बार्शीला गेले होते. संध्याकाळी पाच वाजता सरांच्या घरी गेले आणि कडी वाजवली.

"ये, गुरव," ते म्हणाले, मी रोज येत असल्यासारखं. त्यांनी चहा ठेवला. साखर कुठं आहे ते त्यांना लवकर सापडलं नाही. मी कप हातात घेतला आणि बोलायला लागले. जुन्या डिस्कचा आवाज मला पहिल्या दिवसापासून येत होता. कोर्टात मी जे सांगितलं ते सगळं खोटं. आबासाहेब काय बोलले, ते शब्दनशब्द म्हणून दाखवलं. आईचं, सासऱ्यांचं, त्या कॉप्यांचं, सगळं. माझं मला कळत होतं की बोलता बोलता मी हलकी होत चाललेय.

सर ऐकत होते. राग नव्हता. झालं बोलून, तेव्हा म्हणाले, "मला माहीतच होतं ना हे. मी तिथंच होतो." मग म्हणाले, "तू सांगितलंस, बरं केलंस. त्या वयात कुणालाही भीती वाटते."

मला रडू आलं. त्यांनी टॉवेल आणून दिला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत मला एकाच गोष्टीचा आधार आहे. माझ्या पोरीला त्या दिवशी यातलं काही कळलं नाही. मांडवात आली तेव्हा तिनं विचारलं, बाबा, उशीर का झाला? मी म्हटलं, फेटा बांधणारा आला नव्हता. ती हसली. ती खुशीत उभी राहिली बोहल्यावर. तेवढं तरी तिला मिळालं." मग म्हणाले, "पुण्याला त्या माणसाकडं ती काहीतरी बोलत होती बघ. तुला तेव्हा आठवलं नाही. आता आठवतं?"

मी गप्प राहायला हवं होतं. पण मी खरं सांगायला आले होते. सांगून झालं की सुटते, असं मला वाटत होतं.

"आठवतं, सर."

"मग सांग की."

"तुम्ही हात जोडले, त्यानंतर मी शेजारच्या खोलीत गेले. तिच्या. मैत्रिणी सगळ्या बाहेर काय चाललंय बघायला गेल्या होत्या. ती एकटी होती. मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं. तिला कान लावून ती उभी होती."

सरांनी कप खाली ठेवला.

"ऐकत होती?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून असावं. खुर्ची म्हणाली ती. मला म्हणाली, बाबा एका खुर्चीसाठी हात जोडतायत."

"आणि मी होय म्हटलं ते?"

"तेही."

बाहेर कुणीतरी सायकल टेकवत होतं. ती पडली, परत उभी केली.

"पुढं?"

"मी कॅमेरा खाली घेत होते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, हेमाताई, हे काढून टाका हं. बाबांना वाटतंय मला काही कळलं नाही. त्यांना तसंच वाटू दे."

सर पुष्कळ वेळ माझ्याकडं बघत होते. चित्र तपासताना बघायचे, रेघ कुठं चुकली ते शोधत, तसे.

"तसंच वाटू दे म्हणाली?"

"हो."

"तुला म्हणाली?"

"हो, सर."

"मग?"

एवढंच विचारलं त्यांनी. आवाज अगदी साधा होता.

मी उठले. चपला घातल्या. ते दारापर्यंत आले नाहीत.

आता त्यालाही बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला मी त्यांना फोन करते. ते उचलतात. "बोल, गुरव," म्हणतात. मी काही बोलत नाही, तेही बोलत नाहीत. त्यांचा श्वास ऐकू येतो, मागं घड्याळ ऐकू येतं. ते फोन ठेवत नाहीत, आणि मलाही ठेवता येत नाही.